शब्द कानावर पडतोय का?

वाचकांचे प्रश्न : भजन आणि नामसंकीर्तन

प्रश्न : मला सूर लागत नाही, म्हणून भजनात मी नुसता टाळ वाजवते. बेसूर म्हटलेलं देवाला पोचतं का?

पोचतं. तोंड उघडा. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली आहे. तिच्यातल्या पहिल्या दोन भक्ती म्हणजे श्रवण आणि कीर्तन, आणि तिथे गळ्याची अट कुठेही घातलेली नाही. भजनात या दोन्ही एकाच वेळी घडतात: नाम मुखाने घ्यायचं आणि तेच आपल्या कानाने ऐकायचं. गप्प राहिलात तर श्रवण होतं, कीर्तन मात्र राहून जातं.

पुष्कळदा दोष गळ्याचा नसून पट्टीचा, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ धरून गातो त्याचा असतो. पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी पुरुषांना साधारण काळी एक किंवा काळी दोन मानवते, बायकांना काळी चार ते काळी पाच. न मानवणाऱ्या पट्टीत गळा आवळतो आणि सूर घसरतो. भजन सुरू करण्याआधी चालीतली सर्वांत वरची जागा सगळ्यांनी एकदा म्हणून पाहावी. तिथे ओरडावं लागत असेल तर पट्टी अर्ध्या किंवा एका सुराने उतरवावी. तुमच्यापुरतं म्हणाल, तर ज्यांचा सूर स्थिर आहे त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा आवाज ऐकू येत राहील इतक्याच आवाजात म्हणा. सुरुवातीला फक्त धृपद धरा. ते पुन्हापुन्हा येतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत कान ती जागा ओळखू लागतो.

प्रश्न : रोज माळ ओढतो. मग भजनाची वेगळी गरज काय?

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत ‘यज्ञानां जपयज्ञोऽस्मि’ म्हणतात, आणि त्याच्या आधी नवव्या अध्यायात ‘सततं कीर्तयन्तो माम्’ असंही म्हणतात. दोन्ही हवं. जपात मन एकटं असतं. ते भरकटलं, तरी बोटं मणी सरकवत राहतात आणि पत्ता लागतो तो मेरुमणी आल्यावर. भजनात धृपद उचलायचं राहिलं की त्याच क्षणी कळतं आणि शेजाऱ्याचा आवाज तुम्हाला परत ओढून आणतो. ज्यांचं मन फार पळतं, त्यांनी आधी दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने नाम घ्यावं आणि मग माळ हातात घ्यावी.

प्रश्न : आमच्या भजनात लय हळूहळू इतकी वाढते की शेवटी शब्दच कळत नाहीत. रंग चढतो, पण घरी जाताना मन रिकामं वाटतं. असं का होतं?

प्रश्नातच निदान आलं आहे: शब्द हरवला.

अभंगाची बांधणी आधी पाहा. हरिपाठातलं धृपद घ्या: ‘हरि मुखे म्हणा । हरि मुखे म्हणा । पुण्याची गणना । कोण करी ॥’ अक्षरं मोजा, सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा चरण आखूड. त्या आखूड चरणानंतर जी जागा उरते, तिथे श्वास घेता येतो आणि म्हटलेलं आत उतरतं. लय बेसुमार वाढली की आधी बळी जातो तो याच जागेचा. मग श्वास मिळेल तिथे घेतला जातो, ‘पुण्याची’ हा शब्दसुद्धा मधूनच तुटतो, आणि तोंडात उरतो नुसता घोष. घोषाने अंगात जोर येतो, पण म्हटलेल्याचं चिंतन होत नाही.

लय पळण्याची कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. टाळकरी आघाताची वाट न पाहता थोडं आधीच वाजवतात, पखवाजी त्यांना धरायला जातो, आणि मग ते आणखी पुढे सरकतात. लय एकाच्या हाती द्या. पखवाजाच्या हाती देणं उत्तम, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे राहावं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा आहेत. लय सुटू लागली की टाळकऱ्यांनी दोन आवर्तनं फक्त समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर टाळ द्यावा, लय आपोआप बसते. वाढवायचीच असेल, तर अभंग संपल्यावर नामाच्या गजरात वाढवावी. तिथे शब्द दोन-चारच असतात, ते हरवत नाहीत.

टाळ वाजवण्याचीही एक रीत आहे. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून सपाट आपटल्या तर नाद कोंडतो. तो ऐकू यावा म्हणून माणूस आणखी जोरात वाजवतो आणि शब्द बुडतात. एक वाटी किंचित सरकवून कडेवर हलका आघात द्या, मग कमी जोरातही नाद घुमतो. पखवाजाच्या धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची कणीक वाळली की डावीकडचा भरीव आवाज जातो आणि वादक हात आपटू लागतो. कणीक मऊसर भिजवा, अभंगांच्या मध्ये बोट ओलं करून तिच्यावर फिरवा, आणि भजन संपल्यावर ती पूर्ण खरवडून काढा, नाहीतर पुडी (तोंडावरचं चामडं) खराब होते.

प्रश्न : सिनेगीतांच्या चालीवर अभंग म्हणावेत का?

आम्ही नको म्हणू. ती चाल कानावर पडताच मूळ गाण्याचे शब्द मनात उठतात, आणि मग तोंडी एक, मनी दुसरं अशी गत होते. शिवाय त्या चाली सहा-सहा-सहा-चारच्या मापात बसत नाहीत, अक्षरं ओढाताण करून कोंबावी लागतात.

प्रश्न : घरी आम्ही चौघंच असतो, वाद्य एकही नाही. अर्ध्या तासात भजन कसं करावं?

वाद्याविना काही अडत नाही, टाळ्या पुरतात. आधी पाच मिनिटं ‘जय जय राम कृष्ण हरी’ संथ म्हणा, म्हणजे श्वास एका चालीला लागतो. मग रूपाचा एक अभंग आणि नाममहिम्याचा एक. अभंग रोज बदलू नका, एकच आठवडाभर ठेवा. पहिले तीन-चार दिवस लक्ष चालीकडेच असतं, अर्थ त्यानंतर दिसू लागतो. एकाने चरण म्हणायचा, तिघांनी धृपद धरायचं, आणि रोज सांगणारा बदलायचा. शेवटच्या गजरानंतर लगेच उठू नका. दोन-तीन मिनिटं डोळे मिटून बसा. बाहेरचा आवाज थांबला तरी धृपद आत चालूच असतं, ते ऐका. मग आरती आणि पसायदान.