शंका-समाधान : पायराइटचे जीवाश्म आणि कोकणातला पावसाळा

प्रश्न : इंग्लंडमधल्या चारमथच्या किनाऱ्यावर मिळालेले रुपयाएवढे सोनेरी अॅमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री जीवाश्म) भाचीने आणून दिले. काचेच्या कपाटात ठेवले होते. यंदा श्रावणात त्यांतल्या दोघांवर पांढरट-पिवळी भुकटी आली, उग्र वास सुटला आणि खालची चिठ्ठी तपकिरी होऊन तुटायला लागली. पितळेच्या भांड्यांसारखे आमसुलाने घासले तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : आमसूल नको, चिंच नको, पितांबरीही नको. ही बुरशी नव्हे आणि मळही नव्हे. तुमच्या जीवाश्मांना सोनेरी चमक देतं ते पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं खनिज. त्याला हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला की फेरस सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. भुकटी सल्फेटची, आणि चिठ्ठी खाल्ली ती आम्लाने. सल्फेट मूळ पायराइटपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं, म्हणून जीवाश्म आतून फुटत जातो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे झपाट्याने होतं, आणि कोकणात पावसाळ्यात घरातली हवा त्याच्या खूप वर असते. आमसुलाचं आम्ल पायराइटचं काही बिघडवत नाही, पण शंखाच्या कप्प्यांत भरलेलं कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) विरघळवतं आणि भेगांत ओल सोडून जातं.

आधी ते दोन बाकीच्यांपासून वेगळे करा. हा रोग संसर्गाने पसरत नाही, पण सांडलेली भुकटी आम्लधर्मी असते. शेजारचे शिंपले, कागद, लाकडी फळी यांना ती खाते. मग मास्क आणि हातमोजे घालून, खाली वर्तमानपत्र पसरून, मऊ ब्रशने कोरडीच झाडा. खाचांतली दातकोरणीने काढा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, ओरखडे उठतात. फुंकर मारायचा मोह टाळा, भुकटी डोळ्यांत जाते. उरलेलं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. सॅनिटायझर किंवा ७० टक्क्यांचं अल्कोहोल चालणार नाही, त्यात बरंच पाणी असतं. हे काम गॅसपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करा.

खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारण्याचा सल्ला बरेच जण देतात. भुकटी धरलेल्या तुकड्यासाठी तो घातक आहे, कारण पाणी भेगांत शिरतं आणि सुकल्यावर नवे क्षार आत ठेवून जातं. संग्रहालयांत यासाठी अमोनियाची वाफ किंवा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेट वापरतात. दोन्ही स्वयंपाकघरात करायची कामं नव्हेत.

आता डबा. खरं काम इथेच आहे. साफसफाई कितीही नीट केली तरी कपाट तेच राहिलं तर पुढच्या आषाढात भुकटी परत येणार. रबरी कडी असलेली घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून ओलावा हळूहळू आत येतोच. दोन लिटरच्या बरणीला १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) पुष्कळ झालं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. घरात मुलं असतील तर नकोच. जेल मलमलच्या पुरचुंडीत बांधा, म्हणजे दाणे जीवाश्माला लागणार नाहीत. बरणीत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४०च्या खाली राहिला पाहिजे. स्वस्त मापक पाच-दहा अंकांनी चुकतात, म्हणून आधी तपासा : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी घाला, चिखलासारखं होऊ द्या, आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दाखवत असेल तर पुढे नेहमी ५ मिळवून वाचा.

जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा आणि बंद डब्यातच गार करा. बाहेर गार केलंत तर आपल्या हवेत ते तिथेच पाणी पिऊन बसतं. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र या बरणीत नकोत, त्यांत खारं पाणी साठतं आणि ते सांडलं की सगळंच गेलं. तांदूळ भरवशाचे नाहीत. नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

प्रश्न : असेच काही जीवाश्म आता थेट किनाऱ्यावरून येणार आहेत. त्यांतलं मीठ कसं काढायचं? आणि वरून नेलपॉलिश लावलं तर? (मालवण)

उत्तर : ताज्या, न फुटलेल्या तुकड्यांना पाणी चालतं, पण थोडाच वेळ. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि पाणी दर सहा-आठ तासांनी बदला. आरओच्या पाण्यासाठी घरात टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर पाणी फेकण्याआधी आकडा बघा. तो फारसा चढेनासा झाला की मीठ बऱ्यापैकी गेलं. आठवडाभर भिजत घालू नका, एक-दोन दिवस पुरे. मग अल्कोहोलमध्ये तासातासाच्या दोन बुडव्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर येतं, आणि तिथून सरळ जेलच्या बरणीत.

नेलपॉलिश पिवळं पडतं आणि सालीसारखं सुटतं. फेव्हिकॉल पाण्यातला, तोही नको. तुकडा ठिसूळ असेल तर पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ती अॅक्रिलिक राळ) घ्या : १०० मिली अॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम, पातळ हात, ब्रशने. पण लेप तडे धरून ठेवतो, ओलावा अडवत नाही, त्यामुळे बरणी सुटत नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. पावसाळ्यात अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि लेप दुधासारखा पांढरा पडतो.

प्रश्न : देवघरातल्या शाळिग्रामात सोनेरी रेघा आहेत. त्या भेगांतून हल्ली पांढरं येतं. रोज स्नान घालतो. (गुहागर)

उत्तर : शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीतून येतात, काळ्या शेलच्या (चिखलापासून बनलेल्या खडकाच्या) गोट्यात ज्युरासिक काळातला अॅमोनाइट असतो, आणि काहींत त्याच्या जागी पायराइट भरलेलं असतं. पांढरं येतंय ते बहुधा त्याचंच. गंध किंवा साखर भेगेत वाळली असेल तर बोटाला चिकट लागेल, एवढं आधी बघून घ्या.

पूजा कशी करायची ते तुमच्या घरचं. दगडाच्या बाजूने सांगायचं तर पंचामृत सर्वांत वाईट : दही आंबट, मध ओल धरून ठेवणारा, आणि दोन्ही भेगेत बसतात. रोजचं स्नान ताम्हनात पळीभर पाणी सोडून करता येईल. ज्या दिवशी प्रत्यक्ष अभिषेक हवाच, त्या दिवशी साधं पाणी वापरा, लगेच पुसा आणि पंख्याखाली दोन तास ठेवा. पावसाळ्यात रात्री जेलच्या डब्यात ठेवलात तर उत्तम. ज्या शाळिग्रामात सोनेरी काही नाही आणि पांढरंही येत नाही, त्याला यातलं काही नको.

प्रश्न : विहीर खणताना जांभ्याखालच्या काळ्या चिकणमातीत लाकडासारखा तुकडा मिळाला, आत पिवळे चमकणारे ठिपके आहेत. उन्हात वाळवू का? (रत्नागिरी तालुका)

उत्तर : उन्हात मुळीच नको. रत्नागिरीच्या जांभ्याखाली काही ठिकाणी लिग्नाइट (तपकिरी कोळसा) आणि वनस्पतींचे अवशेष असलेले चिकणमातीचे थर आहेत, त्यांतलं हे लाकूड असावं, ठिपके पायराइटचे. जपायला ही जोडी सर्वांत कठीण. ओलं लिग्नाइट भरकन वाळलं की तडकतं, आणि ओलं ठेवलं तर पायराइट सडतं. आजच पट्टी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि किती हातांवर मिळाला ते लिहून ठेवा. माती साध्या पाण्याने उतरवा. मग तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन बारीक भोकं पाडा आणि सावलीत काही आठवडे हळूहळू वाळू द्या; दर चार दिवसांनी एखादं भोक वाढवा. नवी भेग दिसली तर दोन भोकं चिकटपट्टीने बंद करा. वजन उतरायचं थांबलं की जेलच्या बरणीत टाका. तुकडा मोठा असेल तर एवढ्यात त्याला हात न लावता जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला दाखवा. ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये तेवढे दिवस तो तग धरेल.