मुंबईत गाडी बदलताना: लोकलचं तिकीट, जोडलेले पीएनआर आणि ते तीन तास

कोल्हापूरहून सीएसएमटी आणि त्याच दिवशी वांद्रे टर्मिनसहून भुजची गाडी, मधे वेगळं तिकीट लागतं का आणि पहिली लेट झाली तर पैसे बुडतात का, असं विचारलंय तुम्ही. अशाच भानगडीत मी अडकलोय म्हणून लिहितो. रेल्वेत नोकरीला नाही, नियम बदलतात, निघायच्या आधी तपासून घ्या.

लोकलचं तिकीट वेगळंच. थर्ड एसीचं तिकीट दाखवून टीसीशी वाद घालणारे पाहिलेत, शेवटी कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं. गाडीला दादर थांबा असेल तर सीएसएमटीला जाऊच नका, दादरला उतरून पुलावरून वेस्टर्न लाइनच्या लोकलला या. आणि वांद्रे स्टेशन म्हणजे वांद्रे टर्मिनस नव्हे. मी सरळ खारचं तिकीट काढतो, तिथून टर्मिनसला पूल आहे, रिक्षावाल्याशी हुज्जत नाही. सामान जास्त असेल तर दादरहून टॅक्सी करा, तिकडे रिक्षा मिळत नाहीत.

आता पैशाचं. १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर, म्हणजे दोन तिकिटांचे आरक्षण नंबर, एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे न कापता परत. दोन्हीकडे प्रवाशांची नावं वगैरे सेम पाहिजेत, आणि पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करायचं, ऑनलाइन असेल तर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरायचा.

माझी दोन्ही तिकिटं खिडकीवरची, पीएनआर जोडलेले, सगळं रीतसर. पावसात गाडी रखडली, पुढची गेली. उतरल्या उतरल्या खिडकीवर गेलो तर आतले साहेब मान वर न करता म्हणाले, चुकलेली गाडी तिकडची, तिकडे जा. बॅगा घेऊन भर गर्दीच्या लोकलमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो तर तिथं, लेट झालेली गाडी त्यांची, त्यांच्याकडूनच लिहून आणा. म्हणजे नियम तीन तासांचा आणि ते तीन तास यांनीच मला फिरवण्यात घालवले!! वर शेवटी ऐकवलं काय, तर आता मुदत संपली. तक्रार केली, त्याचं छापील उत्तर आलं, पैसे नाही आले. ऑफिसचं नाव घेत नाही, घेऊन काय फरक पडणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, अशा प्रवासाला खिडकीवरचं तिकीट काढूच नका. ऑनलाइन काढा, पैसे भरायच्या आधी पीएनआर खरंच जोडला गेलाय ना ते बघा, आणि गाडी चुकली की फलाटावर उभ्या उभ्याच टीडीआर भरा, कुणाला विचारत बसू नका. गाडी किती वाजता पोचली त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. काही जण म्हणतात खिडकीवर लवकर काम होतं, होत असेल बुवा, माझं नाही झालं.

अजून एक, भुजची गाडी बोरिवलीला थांबत असेल तर बोर्डिंग, म्हणजे गाडीत चढायचं स्टेशन, बदलून बोरिवली करून घेता येतं, दादरहून फास्ट लोकल पकडली की झालं. पण एकदा बदललं की वांद्र्याहून चढायचा हक्क जातो, आणि पीएनआर जोडलेले असतील तर मी तरी हा उद्योग करणार नाही. तुमच्या दोन गाड्यांत नक्की किती तासांचं अंतर आहे ते लिहा, चारपेक्षा कमी असेल तर पावसाळ्यात मी आदल्या दिवशीच निघेन.