विचारा बिनधास्त : जुन्या वर्डमधल्या लाल रेघा

प्रश्न : आमचा आंब्याचा धंदा आहे, ऑफिसात वडिलांच्या वेळचा विंडोज ९८ वाला कॉम्प्युटर अजून चालतोय. त्यात वर्ड आहे पण कुठलं ते माहीत नाही. इंग्लिश पत्रात जामसंडे, कुणकेश्वर टाईप केलं की खाली लाल रेघ, आणि मराठी पत्र तर अख्खं लालेलाल. पण मोठ्या अक्षरांतल्या हेडिंगमध्ये मँगोचं स्पेलिंग चुकलं तिथे मात्र काही नाही, व्यापाऱ्याने फोन करून हसत हसत सांगितलं. स्पेलचेक बिघडलाय का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : बिघडलेला नाही हो, सांगितलंय तेवढंच करतोय बिचारा. आधी वर्ड कुठलं ते हेल्प मेन्यूत खाली अबाऊटवर क्लिक करून बघा. टाईप करता करता लाल रेघ येणं वर्ड ९५ पासून सुरू झालं आणि ग्रामरची हिरवी रेघ वर्ड ९७ पासून, म्हणजे हिरवीपण दिसत असेल तर ९७ किंवा त्याच्या पुढचं.

आता हेडिंग. टूल्स, ऑप्शन्स, स्पेलिंग अँड ग्रामर इथे जा, तिकडे 'इग्नोर वर्ड्स इन अपरकेस'वर टिक असेल, ती कंपनीकडूनच तशी येते. म्हणजे सगळी अक्षरं कॅपिटल असली की तो शब्द बघतच नाही, आणि आपल्याकडे तर हेडिंग, पत्ता, पेटीवरचं लेबल सगळं कॅपिटलमध्येच टाईप करायची सवय. टिक काढा आणि एफ७ दाबून पत्र परत तपासा. तरी फ्रॉमच्या जागी फॉर्म पडलं तर तो गप्पच राहणार, कारण दोन्ही शब्द त्याच्या यादीत आहेत.

मराठीचं कारण वेगळंय. मराठी मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट टाइम्स न्यू रोमन करून बघा, इंग्लिश अक्षरांचा कचरा दिसला तर समजा फाईलमध्ये खरं तेच आहे, देवनागरी फक्त फॉन्टने चढवलेला मुखवटा. स्पेलचेक त्याला इंग्लिश समजून वाचतो, मग लाल नाही तर काय होणार! अनडू करून फॉन्ट परत आणा, मजकूर सिलेक्टच ठेवा आणि टूल्स, लँग्वेज, सेट लँग्वेजमध्ये 'नो प्रूफिंग' निवडा (नंतरच्या वर्डमध्ये 'डू नॉट चेक'ची टिक आहे). रेघा जातील. मराठीची शुद्धलेखन तपासणी मात्र यातून मिळायची नाही, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, टाईप केलेला मजकूर लागतो.

राहिली गावांची नावं. लाल शब्दावर राइट क्लिक करून ॲड म्हणा, तो कस्टम डॉट डिक नावाच्या फाईलीत जातो. पण रेघा घालवायला मराठीच्या कचऱ्यावरपण ॲड ॲड करत सुटला असाल (बरेच जण करतात, मीसुद्धा केलंय) तर ती फाईल घाण झाली असेल. वर्ड बंद करा, स्टार्ट मेन्यूतल्या फाइंडमधून फाईल शोधा आणि नोटपॅडमध्ये उघडा, एका ओळीत एक शब्द दिसेल, नको ते उडवा. वर्डमधूनच एडिट केलीत तर टाईप करताना तपासणं तो आपणच बंद करतो आणि मग माणूस रेघा कुठे गेल्या म्हणून शोधत बसतो. फाईल एवढीशी असते, फ्लॉपीवर कॉपी ठेवा, विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ड्रायव्हर टाकल्याशिवाय सहसा कळत नाही. आणि पावसाळ्यात लाइटचा काय भरवसा!

प्रश्न : बाबांच्या जुन्या मशीनवर डॉसचं वर्डस्टार आहे. त्यात स्पेलचेक असतो का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : वर्जनवर आहे. ३ मध्ये स्पेलस्टार नावाचा स्पेलचेकचा प्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागायचा, घेतलेला असेल तर सुरुवातीच्या मेन्यूत एस दाबून चालतो. ४ पासून फाईल उघडी असतानाच कंट्रोल क्यू आणि मग एल. पण फायली फ्लॉपीवर असतील तर आधी कॉपी काढा, आपल्या दमट हवेत फ्लॉपीला कधी बुरशी धरेल सांगता येत नाही, स्पेलिंग मग बघू.