जेम्स म्हणजेच याकोब का?

प्रश्न : आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. माझ्या यजमानांचं नाव याकोब. मुलगा आणि सून बाळाचं नाव जेम्स ठेवणार आहेत आणि 'हे पप्पांचंच नाव आहे' म्हणतात. माझी जाऊ म्हणते, जेम्स हा इंग्रजांचा राजा, त्यानेच आपलं नाव बायबलात घुसवलं. शिवाय याकोब म्हणजे 'फसवणारा' असंही कानावर आलं आहे. मन खट्टू झालंय. काय करावं?
— एक आजी, वसई

उत्तर : आजी, मुलगा आणि सून खरं तेच सांगताहेत. जेम्स हे याकोबच आहे. तुमच्या आगाशीचं चर्च ज्या सेंट जेम्सचं, तो मराठी बायबलातला जब्दीचा मुलगा याकोब, योहानाचा भाऊ.

आता हे घडलं कसं ते बघू. मूळ हिब्रू नाव याअकोव्ह. ग्रीकमध्ये त्याचं याकोबोस झालं, लॅटिनमध्ये याकोबुस. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये 'ब'चा 'म' झाला आणि याकोमुस असं रूप आलं. ब आणि म दोन्ही ओठांतले, वर्णमालेत एकाच ओळीत बसणारे, त्यामुळे त्यात नवल नाही. इटलीतला जाकोमो तिथूनच आला. सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होणं तर आपल्याला मुळीच परकं नाही. यात्रेची जत्रा आपणच केली आणि योग्याचा जोगीही. जुन्या फ्रेंचमध्ये हे रूप आखडून जेम्स झालं आणि फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात पोचलं.

इंग्रजी बायबलात मात्र जुन्या करारातला तो जेकब आणि नव्या करारातला तो जेम्स, अशी वाटणी झाली. इटालियनमध्येही जुन्या करारातल्या कुलपित्याला जाकोब्बे आणि नव्या करारातल्या प्रेषिताला जाकोमो म्हणतात. मराठी भाषांतरकारांनी दोन्हीकडे याकोबच ठेवलं. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत असं मी मानते. लहानपणी आजी बायबलाच्या पहिल्या पुस्तकातली, म्हणजे उत्पत्तीतली, याकोबाची गोष्ट सांगायची आणि रविवारी देवळात याकोबाचं पत्र वाचलं जायचं, तेव्हा एकाच नावाची माणसं हजारो वर्षं जन्माला येताहेत हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इंग्रजी शाळेत गेलेल्या माझ्या भाचरांना ते सांगावं लागतं.

जाऊबाईंची शंका पुष्कळांना असते. राजा जेम्सच्या आश्रयाखालचं बायबल छापलं गेलं १६११ साली. विल्यम टिंडलने इंग्रजीत छापलेला नवा करार १५२६ चा, आणि त्यात जेम्स आहे. राजाचा जन्मच १५६६ चा, म्हणजे घुसवाघुसवीचा प्रश्न येतच नाही. उलट याच राजाची नाणी हातात घेऊन पाहिली तर त्यांवर लॅटिनमध्ये 'याकोबुस' कोरलेलं दिसतं. पुढे दुसऱ्या जेम्सला १६८८ मध्ये गादी सोडून पळावं लागलं, त्याच्या पाठीराख्यांना जॅकोबाइट म्हणत. दोन्ही नावं एकच आहेत याला इंग्रजांच्या घरातलाच हा पुरावा.

इतर भाषांत तर हे नाव ओळखू येणार नाही इतकं बदललं आहे. स्पेनमध्ये 'संत याकोब' म्हणजे सांत यागो, त्याचं सांतियागो झालं. पोर्तुगीजांनी ते सां-तियागो असं फोडलं आणि तियागो हे वेगळंच नाव निघालं. गोव्यातला बाणस्तारीचा किल्ला त्यांनी याच सांतियागोच्या नावाने बांधला होता. डिएगो हेही त्यातलंच असं पुष्कळ जण सांगतात, पण त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आयर्लंडात शेमस आहे. स्कॉटलंडात तर या नावाने हाक मारतानाचं जे रूप होतं तेच इंग्रजीत हेमिश म्हणून कायम झालं. आणि आपल्या शेजारचे याकूबभाई, तेही याकोबच की.

आता 'फसवणारा'. आजी, हे मनातून काढून टाका. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात बाळ जन्मतं तेव्हा त्याने जुळ्या भावाची टाच धरलेली असते. हिब्रूत टाचेला 'आकेव' म्हणतात, त्यावरून नाव पडलं. फसवणुकीचा अर्थ येतो सत्ताविसाव्या अध्यायात, आणि तो कुणाच्या तोंडून? एसावाच्या. वडिलांचा आशीर्वाद हातचा गेलेला, रडून रडून बेजार झालेला मोठा भाऊ म्हणतो, याचं नाव याकोब योग्यच ठेवलंय, दोनदा मला फसवलं यानं. त्याचा संताप मला पटतो. पण दुखावलेल्या भावाच्या शब्दांना नावाचा अर्थ ठरवू नये. अनेक अभ्यासकांच्या मते 'देव रक्षण करो' अशा अर्थाच्या जुन्या नावाचं हे छोटं रूप असावं. त्या काळच्या त्या प्रदेशात अशी नावं सापडतात. इजिप्तमध्ये मिळालेल्या मुद्रांवर याकुब-हर नावाचा एक राजाही आहे.

तेव्हा दाखल्यावर जेम्स लिहू द्या आणि घरात याकोब म्हणून हाक मारा. यजमानांनाही सांगा, नाव त्यांचंच चाललंय.

प्रश्न : मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, कुठे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधल्याचं वाचतो, तर कुठे सामाजी हसाजी दिवेकर यांनी. हे दोघे भाऊ होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माणूस एकच. बेने इस्राएल म्हणजे इथली ज्यू मंडळी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिली, मराठी बोलली, आणि त्यांच्या हिब्रू नावांना 'जी' लागला. शमुवेलचा सामाजी, बेन्यामीनचा बनाजी, अब्राहामचा अबाजी. सामाजींच्या वडिलांचं यहेज्केल हे नाव हसाजी झालं. आडनाव दिवे गावावरून, कोकणातल्या रीतीप्रमाणे 'कर' लावून. हे सिनेगॉग १७९६ चं. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत, आणि जवळच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला सामाजींचं इंग्रजी नाव मिळालं, सॅम्युएल स्ट्रीट.