पलीकडची फायबर तुटली, तरी आपला पोर्ट हिरवाच

प्रश्न : आमच्या नाशिक आणि नागपूर कार्यालयांमध्ये सेवादाराची (दूरसंचार कंपनीची) पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे थेट दोन टोकं जोडणारी, इथरनेट लाइन आहे. नागपूरला आमच्या राउटरला येणारी फायबर तुटली, पण नाशिकचा पोर्ट ‘अप’च दिसत राहिला. ट्रॅफिक बॅकअप लाइनवर जायला तीन मिनिटं लागली. राउटर बिघडला आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : राउटर ठीक आहे. नाशिकच्या पोर्टला फक्त सेवादाराच्या जवळच्या राउटरचा लेझर दिसतो आणि तो चालूच होता. मधल्या एमपीएलएस जाळ्यापलीकडे (सेवादाराचं लेबल लावून डेटा नेणारं जाळं) काय तुटलं, हे त्या प्रकाशावरून कळत नाही. तीन मिनिटांचा हिशेबही जुळतो. राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या बीजीपी प्रोटोकॉलचा होल्ड टाइम, म्हणजे समोरून काही आलं नाही तरी वाट पाहण्याची मुदत, अनेक राउटरवर मुळातच १८० सेकंद असतो. ओएसपीएफ हा दुसरा तसाच प्रोटोकॉल असता तर सहसा ४० सेकंद लागले असते. नुसता स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा मार्ग) असता, तर ट्रॅफिक बॅकअपवर गेलंच नसतं.

नागपूरच्या बिघाडाची बातमी बहुधा सेवादाराच्या नाशिकच्या राउटरपर्यंत पोचलेलीही असते. स्यूडोवायर (जाळ्यातून तुमची दोन टोकं जोडणारी आभासी तार) एलडीपी या प्रोटोकॉलने जोडलेली असेल, तर ‘माझ्याकडचा ग्राहक-पोर्ट पडला’ असा स्टेटस संदेश पलीकडे जातो. २००६ च्या आरएफसी ४४४७ या इंटरनेट मानकापासून ही सोय आहे. तो संदेश मिळताच नाशिकच्या पोर्टचा लेझर बंद करायला त्या राउटरला सांगावं लागतं. जुनिपरवर त्यासाठी ‘असिंक्रोनस-नोटिफिकेशन’ आहे, सिस्कोच्या आयओएस-एक्सआरवर ‘प्रोपगेट रिमोट-स्टेटस’. सिस्कोच्या काही राउटरवर हे मुळातच चालू असतं. सेवादाराला नेमकं हेच विचारा.

इथे एक मेख आहे. फक्त पाठवणारा लेझर बंद व्हायला हवा आणि तो मुद्दाम बंद केलेला पोर्ट राउटरने स्वतःचा बिघाड म्हणून परत कळवता कामा नये. कळवला, तर नागपूरचा राउटरही आपला लेझर बंद करतो. मग फायबर जोडली तरी दोन्ही टोकं एकमेकांची वाट पाहत पडून राहतात. म्हणूनच सिस्कोच्या आयओएसवर असा पोर्ट ‘एल-टू टनेल रिमोट डाउन’ दिसतो, म्हणजे ‘पलीकडचं टोक पडलं’, पण त्याचा लाइन प्रोटोकॉल (पोर्टची स्वतःची स्थिती) ‘अप’ असतो. ही विसंगती नाही, ते जाणूनबुजून तसं केलेलं आहे.

लेझर तत्काळ बंद करू नका, असंही सांगा. सेवादाराच्या जाळ्यात एखादा दुवा तुटला की ट्रॅफिक झटपट दुसऱ्या मार्गाने वळवणाऱ्या फास्ट रीरूटचं लक्ष्य ५० मिलिसेकंदांचं असतं, तेवढ्या झटक्याला पोर्ट पडायला नको. पोर्ट परत वर येताना १० सेकंदांचा विलंब ठेवला, तर ढिल्या पॅचकॉर्डने (पोर्टला जोडलेल्या छोट्या केबलने) ट्रॅफिक इकडून तिकडे नाचत नाही.

चाचणी खरी करा. नागपूरची पॅचकॉर्ड उपसा, नाशिकचा पोर्ट किती वेळात पडतो ते पाहा, मग ती परत खोचून तो आपोआप वर येतो का तेही पाहा. दुसरा भाग बरेच जण विसरतात आणि वरची कोंडी नेमकी तिथेच सापडते. नंतर हेच उलट्या दिशेने करा.

प्रश्न : फायबर मीडिया कन्व्हर्टरमध्ये (प्रकाशाचा सिग्नल तांब्याच्या केबलसाठी बदलणाऱ्या डब्यात) येते, तिथून राउटरला तांब्याची केबल जाते. शिवाय सेवादाराच्या एकाच पोर्टवर व्हीएलएएनने (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या आभासी जाळ्यांनी) अनेक ग्राहक आहेत. मग काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कन्व्हर्टरवर ‘एलएफपी’ किंवा ‘एलएलएफ’ नावाचा डिप स्विच (छोटा खटका) शोधा; एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूला कळवायचं काम तो करतो. तो बंद असेल, तर फायबरचा प्रकाश गेला तरी तांब्याची बाजू ‘अप’च राहते आणि सेवादाराची सगळी मेहनत वाया जाते.

सामायिक पोर्टवर मात्र लेझर बंद करणं हा उपायच नाही, तुमच्याबरोबर बाकीचे ग्राहकही पडतील. तिथे आपल्याच दोन राउटरमध्ये बीएफडी (एकमेकांना सतत छोटे संदेश पाठवून जोडणी तपासणारा प्रोटोकॉल) लावा: दर ३०० मिलिसेकंदांनी संदेश, गुणक ३, म्हणजे सलग तीन चुकले की बिघाड. बिघाड साधारण ०.९ सेकंदात कळतो आणि सेवादाराची परवानगी लागत नाही. बीजीपी किंवा ओएसपीएफला बीएफडीशी जोडायला विसरू नका, नाहीतर बीएफडीचं सेशन पडूनही रूट तसाच राहतो. राउटरऐवजी स्विच असेल, तर सीएफएम (इथरनेटवर असेच तपासणीचे संदेश पाठवणारी सोय) वापरा. एका सेकंदाच्या अंतराने संदेश पाठवले, तर साडेतीन सेकंदांत तुटल्याचं कळतं.