१०० ग्रॅमचं उपकरण हळू उतरवायचं आहे. डँडेलियनच्या बीसारखं केसाळ पॅराशूट चालेल का?

नाही चालणार. डँडेलियन हे पिवळ्या फुलाचं रानटी झुडूप, त्याचं बी वाऱ्यावर तरंगतं. त्या बीला साधारण १०० केस असतात, ते चकतीसारखे पसरतात आणि त्या चकतीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग मोकळाच असतो. तरी बी सेकंदाला जेमतेम ४० सेंमी खाली येतं. इतक्या बारीक केसाला हवा जणू मधासारखी दाट लागते, म्हणून केसांमधून ती थोडीच निसटते. जी निसटते ती चकतीच्या वर भोवऱ्याचं एक कडं स्थिर ठेवते. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हे दाखवलं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. पण केस जाड आणि चकती मोठी केली की हवा सरळ आरपार जाते. ही कल्पना मिलिग्रॅमभर वजनाच्या सेन्सरपुरतीच.

तुमच्या वजनाला कापडी छत्रीच हवी. बीकडून घ्यायचं ते इतकंच, की मधून थोडी हवा जाऊ द्यायची. सेकंदाला ३ मीटर वेगासाठी सुमारे ५५ सेंमी व्यासाची गोल छत्री कापा आणि मधोमध ५ सेंमीचं भोक ठेवा. भोक नसेल तर कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने सांडते आणि छत्री झोके घेते. दोऱ्या आठ, प्रत्येकी किमान ६० सेंमी. आखूड दोऱ्यांनी छत्रीचं तोंड आवळलं जातं. सगळ्या एकत्र ताणून मगच गाठ मारा. एक जरी आखूड राहिली तरी छत्री तिरकी सरकते.

केस वर पसरलेल्या बीसारखा उलटा शंकू करायचा मोह होईल. तो झुलत नाही हे खरं, पण टोक खाली असलेलं कापड हवेच्या दाबाने मिटतं, म्हणून सांगाडा लागतो आणि वजन वाढतं. १८३७ मध्ये लंडनला रॉबर्ट कॉकिंग अशाच पॅराशूटने उतरताना गेले. ते शंभर किलोच्या वर होतं आणि हवेतच मोडलं.

छत्री नकोच असेल तर मेपल झाडाचं बी बघा, ते गिरक्या घेत हळू उतरतं. एकच पातं, सगळं वजन एका टोकाला, पात्याची पुढची कड जाड. कड लवचिक राहिली किंवा वजन मधे सरकलं तर ते गिरक्या न घेता कोलांट्या खात पडतं. सोडल्यावर गिरकी लागेपर्यंत ते वेगानेच येतं, त्यामुळे कमी उंचीवरून सोडून उपयोग नाही. शिवाय उपकरणही सोबत फिरतं. त्यात कॅमेरा असेल तर छत्रीच बरी.