वाचकांचे प्रश्न : ते तरुण कोणाचे हस्तक होते?

प्रश्न : माझे वडील गिरणीकामगार होते आणि कॉम्रेड बर्धन यांची भाषणे ऐकायला सायकलने नागपूरभर फिरत असत. परवा आमच्या वाचनकट्ट्यावर एक सदस्य म्हणाले की, कम्युनिस्ट राजवटींनी तुरुंगात टाकलेले तरुण भांडवलशहांचे हस्तकच होते. यात तथ्य किती? – एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : फारसे नाही. त्या तरुणांमध्ये श्रद्धाळू कॅथलिक होते, राष्ट्रवादी होते, नुसतेच वैतागलेलेही होते. पण सरकारला विशेष झोंबले ते मार्क्सचे नाव घेऊन प्रश्न विचारणारे. पोलंडमध्ये यात्सेक कुरोन आणि कारोल मोजेलेव्स्की हे वॉर्सा विद्यापीठातील दोन तरुण पक्षसदस्य होते. पक्षाने 1964 मध्ये त्यांची हकालपट्टी केल्यावर त्यांनी मार्च 1965 मध्ये पक्षाला उद्देशून एक खुले पत्र लिहिले. कामगारांच्या नावाने राज्य चालते, पण ते नोकरशाहीच्या हाती आहे. कारखान्यात काय तयार व्हावे आणि त्याच्या उत्पन्नाचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार कामगाराला नाही. म्हणून कामगारांच्या परिषदा हव्यात आणि संपाचा हक्क हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. यात भांडवलशाहीची वकिली कुठे आहे, ते त्या सदस्यांनीच सांगावे. कुरोन यांना तीन आणि मोजेलेव्स्की यांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

पुढे जानेवारी 1968 मध्ये मिकिएविच या राष्ट्रकवीच्या नाटकाचे प्रयोग सरकारने बंद पाडले आणि त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढले. त्याच्या निषेधार्थ 8 मार्चला भरलेल्या सभेवर लाठ्या चालल्या. मारणाऱ्यांमध्ये बसमधून आणलेली साध्या कपड्यांतली माणसेही होती आणि त्यांची ओळख ‘कामगार कार्यकर्ते’ अशी करून देण्यात आली. (आपल्या वडिलांना हे ऐकून काय वाटले असते, असा विचार मनात आला.) त्यानंतर अनेकांची नावे विद्यापीठाच्या पटावरून गेली, कित्येक मुलांना सक्तीने सैन्यात धाडण्यात आले आणि वृत्तपत्रांनी विद्यार्थी पुढाऱ्यांचे ज्यू असणे चव्हाट्यावर मांडले, हजारो ज्यूंनी देश सोडला. कुरोन आणि मोजेलेव्स्की पुन्हा तुरुंगात गेले. 1980 मध्ये कामगारांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, तेव्हा तिला ‘सॉलिडॅरिटी’ हे नाव सुचवले ते याच मोजेलेव्स्की यांनी.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणाले, तर चीनमधील 2018 चे शेन्झेन प्रकरण सांगावे. तेथे एका कारखान्यात स्वतःची युनियन काढू पाहणारे कामगार पकडले गेले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी नामांकित विद्यापीठांतून आलेल्या मार्क्सवादी विद्यार्थ्यांना ऑगस्टमध्ये पोलिसांनी मुक्कामाच्या ठिकाणी छापा घालून ताब्यात घेतले. त्याच वर्षी 26 डिसेंबरला, म्हणजे माओंच्या 125 व्या जयंतीला, त्यांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी निघालेला पेकिंग विद्यापीठाच्या मार्क्सवादी मंडळाचा प्रमुख विद्यार्थीही वाटेतच उचलला गेला.